‘आजवर काही झालं नाही’ हा परवाना नव्हे

परवानग्यांनी उत्सव मारले, असं म्हणणाऱ्यांची अमळनेरात कमी नाही. मंडळाच्या बैठकीत, सप्त्याच्या नियोजनात, मंगल कार्यालयाबाहेर पान खाताना, कुठेही हा सूर लागतो. वर्गणी गोळा करायची तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी, मांडव टाकायचा तर नगरपरिषदेची, मिरवणुकीला पोलिसांची, भोंग्याला पुन्हा पोलिसांची, विजेला महावितरणची, आणि आता वरून अग्निशमनचं ना हरकत प्रमाणपत्र. ‘आमच्या आजोबांनी गॅसबत्तीच्या उजेडात सप्ते केले, कुणाला अर्ज दिला नव्हता. आजवर काही झालं का?’ हा शेवटचा टोला बसला की सगळी बैठक माना डोलावते.

यातली तक्रार खरी आहे, ती आधी मान्य करून टाकतो. परवानगी कार्यक्रमाच्या आदल्या संध्याकाळी हातात पडते. एक खिडकी योजनेचा गाजावाजा होतो. खिडकीवर अर्ज मिळतो, पण त्या खिडकीमागे पूर्वीचेच पाच दरवाजे असतात. त्याच आधार कार्डाची झेरॉक्स प्रत्येक टेबलावर नव्याने द्यावी लागते. कार्यकर्ता पोटापाण्याचा धंदा सोडून या चकरा मारतो, त्याची चिडचिड समजण्यासारखी आहे.

पण या सगळ्या प्रकारात खरी चिडण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे आणि तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. ज्या मांडवाला ना हरकत दिली जाते, तो मांडव त्या दिवशी जमिनीवर नसतोच. बांबू गोदामात असतात, कापड गाठोड्यात असतं, जनरेटर दुसऱ्या गावच्या लग्नात धडधडत असतो. मग हरकत नसायला तपासलं काय? अर्ज तपासला. आणि मांडव उभा राहिला, माळा लागल्या, कढई चढली, की त्यानंतर बघायला कोणी फिरकत नाही. इतक्या वर्षांत मंडळांकडून ‘परवानगीला उशीर झाला’ अशी ओरड पुष्कळ ऐकली. ‘मांडव उभा झाल्यावर पाहायला अधिकारी आले नाहीत’ अशी तक्रार एकाही मंडळाची ऐकली नाही. म्हणजे कागदाचा त्रास दोघांनाही होतो, आणि कागदावरच भागलं याचं समाधानही दोघांनाच असतं.

आता त्या ‘आजवर’कडे येऊ. आजोबांच्या मांडवात जाड सुती कापड होतं, सुतळी होती, चार-दोन गॅसबत्त्या होत्या आणि त्या बत्त्यांवर नजर ठेवायला एक माणूस नेमलेला होता. आजच्या मांडवात छताला पॉलिएस्टर, खाली फोमचे गादीवजा सोफे, मागे थर्माकोलचा देखावा, प्लास्टिकची फुलं आणि नायलॉनचे दोर असतात. त्यावर एलईडी पडदा, शार्पी दिवे, डीजेचा लोड. सुती कापड जळतं ते वर जळत जातं. कृत्रिम धागा वितळतो आणि पेटते थेंब खाली बसलेल्यांच्या अंगावर गळतात. आजोबांच्या काळचा निर्धोकपणा नातवाच्या मांडवाला लागू करता येत नाही, कारण तो मांडवच उरलेला नाही. नाव तेवढं तेच आहे.

हरियाणातलं डबवाली हे अमळनेरपेक्षा फार मोठं गाव नाही. २३ डिसेंबर १९९५ ला तिथल्या एका शाळेचं स्नेहसंमेलन होतं. कृत्रिम कापडाचा शामियाना, वीजजोडणीतून उडालेली ठिणगी, बाहेर पडायला एकच वाट. काही मिनिटांत चारशेहून जास्त माणसं गेली, त्यात निम्म्याहून अधिक लहान मुलं होती. त्या दिवशी सकाळी डबवालीत कोणालाही विचारलं असतं, तर त्यानेही हेच सांगितलं असतं, की आजवर काही झालेलं नाही.

‘हे शहरी नियम आहेत, खेड्यापाड्यांतल्या लोकांना आगीबिगीचं काय कळतं,’ असंही एक म्हणणं असतं, आणि गंमत म्हणजे ते गावातलेच लोक मांडतात. खानदेशाला आग कळत नाही? कापसाच्या जिनिंगमध्ये विडी ओढत कोणी शिरून दाखवावं. फाटकावरचा रखवालदारच खिशातली काडेपेटी काढून घेतो. रुईत गेलेली ठिणगी दिसत नाही, ती आत दबून धुमसते आणि मध्यरात्री गंजी पेटते, हे इथल्या हमालालाही पाठ आहे. म्हणून जिनिंगच्या आवारात पाण्याचा हौद असतो, वाळूच्या बादल्या असतात, दोन गंजींमध्ये अंतर ठेवलेलं असतं. हे सगळं आपण कुठल्या सरकारी परिपत्रकातून शिकलो नाही. माल जळाल्यावर पोटाला चिमटा बसतो, त्यातून शिकलो. ज्या गावात १९४५ साली वनस्पती तेलाचा कारखाना निघाला आणि त्यातूनच पुढे विप्रो उभी राहिली, त्या गावाला तेल आणि आग यांचं नातं नव्याने समजावायला नको. पण तोच जिनिंगवाला मंडळाचा अध्यक्ष झाला की थर्माकोलच्या मखरामागे हॅलोजन टांगू देतो. मालाची जेवढी काळजी, तेवढी माणसाची नाही, असाच याचा अर्थ होतो, आणि तो लावताना मला अजिबात संकोच वाटत नाही.

मांडवाच्या मागे जाऊन बघा. पुढून सगळं झगमगीत असतं, मजा मागे असते. वायरला प्लग नसतो. उघडी टोकं सॉकेटमध्ये घालून आगकाडीने घट्ट बसवलेली असतात. सांध्यावर टेपऐवजी कॅरीबॅग गुंडाळलेली असते. फ्यूज सारखा उडतो म्हणून त्यात जाड तार घातलेली असते, म्हणजे आता फ्यूज उडणार नाही, वायर तापेल. महावितरण उत्सवांसाठी तात्पुरती जोडणी देतं, तिचा दरही परवडणारा असतो, तरी खांबावर आकडा टाकलेला सापडतो. आगीचा लाल सिलिंडर असतो, नाही असं नाही. तो स्टेजच्या मागच्या कोपऱ्यात, झालरीआड. त्याची पिन कशी ओढायची ते वायरमनला माहीत नाही, मांडववाल्याला नाही, अध्यक्षाला तर नाहीच. सहा किलोच्या सिलिंडरमधली पावडर फार तर पंधरा-वीस सेकंद पुरते. तेवढ्यात तो चालवायचा आणि शिकायचाही.

आणि बायका कुठे बसलेल्या असतात, तेही पाहा. कीर्तन असो की राजकीय सभा, सतरंजीवर, अगदी पुढे, लेकरं मांडीवर घेऊन, तिन्ही बाजूंनी दोरी आणि कनातीने बंद. पुरुष मागे, प्रवेशद्वाराजवळ, निम्मे उभे. प्रवेशद्वारासमोर मोटारसायकली लावलेल्या, त्यांची हँडलं कुलूपबंद. मांडव पेटला तर सर्वांत आधी बाहेर पडेल तो ज्याच्या कडेवर कोणी नाही. तात्पुरत्या मांडवांसाठी भारतीय मानक आहे, आयएस ८७५८. त्यात साध्या गोष्टी सांगितल्या आहेत: छत तीन मीटरपेक्षा खाली नको, कृत्रिम कापड आणि दोर नको, जिवंत वीजतारेखाली मांडव नको, बसलेल्या माणसाला बाहेर पडायच्या वाटेपर्यंत पंधरा मीटरपेक्षा जास्त चालायला लागू नये. यातलं काय अवघड आहे? बायकांच्या बाजूची कनात दोन ठिकाणी सोडली की निम्मं काम झालं. कनात सोडायला पैसे पडत नाहीत. उलट दोर वाचतो.

‘जबाबदारी मांडववाल्याची असते,’ हे आणखी एक उत्तर तयार असतं. ते ज्यांना अजून द्यावंसं वाटतं, त्यांनी मेरठचा निकाल वाचावा. १० एप्रिल २००६ रोजी मेरठच्या व्हिक्टोरिया पार्कमध्ये ग्राहकोपयोगी वस्तूंच्या प्रदर्शनाचा शेवटचा दिवस होता. मांडव पेटला, ६५ माणसं गेली. आयोजकांनी न्यायालयात हेच सांगितलं, की आम्ही काम ठेकेदाराला दिलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये ते फेटाळलं. लोक आयोजकांच्या बोलावण्यावरून आले होते, ठेकेदाराच्या नव्हे. भरपाईची जबाबदारी आयोजकांवर ६० टक्के आणि सरकारवर ४० टक्के टाकली गेली. आमंत्रणपत्रिकेवर ज्यांची नावं मोठ्या टायपात छापली जातात, त्यांनी हा साठ टक्क्यांचा आकडा लक्षात ठेवायला हरकत नाही. ‘आपले विनीत’ म्हणून खाली सह्या ठोकणाऱ्यांनी तर नक्कीच.

सरकारचे ४० टक्केही लक्षात ठेवावेत, ते नगरपरिषदेसाठी आहेत. न पाहता दिलेली ना हरकत ही आयोजकावर केलेली मेहरबानी वाटते, पण तो कागद उद्या सही करणाऱ्याच्याच विरोधात उभा राहतो. महाराष्ट्रात आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजनांचा कायदा २००६ चा आहे. इमारतीचा मालक आणि भोगवटादार यांच्यावर जबाबदारी टाकणारा हा कायदा आहे. जानेवारी आणि जुलै अशा वर्षातून दोन वेळा परवानाधारक संस्थेकडून यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र द्यायला सांगणारा. मंगल कार्यालयं त्यात येतात. लग्न ठरवायला गेलेला मुलीचा बाप एसी आहे का, पार्किंग किती, आचारी आपला चालेल का, हे सगळं विचारतो. जुलैचं प्रमाणपत्र दाखवा, असं म्हणणारा बाप मला अजून भेटायचा आहे. आणि हल्ली त्याच कार्यालयात नवरा-नवरीच्या एंट्रीला दोन्ही बाजूंनी ठिणग्यांचे फवारे उडतात. ‘कोल्ड फायर आहे, हाताला भाजत नाही,’ असं इव्हेंटवाला सांगतो. गोव्यात हडफडे इथल्या नाइट क्लबमध्ये डिसेंबर २०२५ मध्ये २५ जण गेले. तिथेही सुरुवातीच्या तपासात बोट गेलं ते बंद जागेत उडवलेल्या आतषबाजीकडेच.

‘बंब उभा असतो ना!’ उभा असतो. पण कुठे? जुन्या गावातल्या गल्लीत तो शिरत नाही, आणि शिरला तर स्वागत कमानीखाली अडकतो. बंब जवळ असूनही काय होतं, ते साऱ्या महाराष्ट्राने टीव्हीवर पाहिलं आहे. १४ फेब्रुवारी २०१६ ला गिरगाव चौपाटीवर ‘मेक इन इंडिया’ सप्ताहातला महाराष्ट्र रजनीचा कार्यक्रम चालू होता. समोर मुख्यमंत्री, राज्यपाल, सिनेमातले सगळे दिग्गज. लावणी चालू असताना स्टेजखालून आग लागली आणि बघता बघता अख्खा रंगमंच खाक झाला. मुंबईची अग्निशमन यंत्रणा देशातल्या उत्तम यंत्रणांपैकी, तरी स्टेज वाचलं नाही. माणसं मात्र सगळी वाचली, कारण समोर मोकळी चौपाटी होती, वाटा होत्या आणि लोकांना उठून निघायला सांगितलं गेलं. बंबाने आग विझते. माणूस वाचतो तो वाटेने. आपल्या बैठकांत बंबाची चर्चा होते, वाटेची होत नाही.

आग लागलीच पाहिजे असंही नाही. २२ जानेवारी २०२५ ला पाचोऱ्याजवळ पुष्पक एक्सप्रेसमध्ये आग लागल्याची नुसती हूल उठली. लोक रुळांवर उतरले आणि समोरून येणाऱ्या कर्नाटक एक्सप्रेसखाली किमान बारा जण सापडले. आपल्याच जिल्ह्यात घडलेली ही गोष्ट आहे. गाडीत सगळ्यांना ऐकू जाईल असं ‘आग नाही, बसून राहा’ म्हणणारं कोणी नव्हतं. मांडवात माइक असतो, पण तो कोणाच्या हातात असेल, गडबड उडाली तर तो काय बोलेल, कुठल्या बाजूने निघा म्हणेल, हे आधी ठरवलेलं नसतं. सूत्रसंचालकाला पाहुण्यांच्या यादीत कोणाचं नाव आधी घ्यायचं हे तीनदा बजावलेलं असतं, हे मात्र खरं.

देवाचं कार्य आहे, देव सांभाळेल, या म्हणण्याला वाद घालू नये असं कोणी म्हणेल. मी घालतो. मांढरदेवीला २५ जानेवारी २००५ ला शाकंभरी पौर्णिमेला लोक देवीच्याच दर्शनाला गेले होते. पायऱ्यांवर चेंगराचेंगरी झाली, मग दुकानं पेटली, सिलिंडर फुटले, सुमारे तीनशे माणसं गेली. केरळमध्ये पुट्टिंगल देवळात १० एप्रिल २०१६ ला आतषबाजीच्या स्पर्धेला जिल्हा प्रशासनाने परवानगी नाकारली होती. ती ‘प्रथा आहे’ म्हणून झालीच, आणि शंभरावर माणसं मेली. तंजावरजवळ २०२२ मध्ये रथाचा वरचा भाग वीजतारेला लागला, ११ जण गेले. देवाने आपल्याला डोळे दिलेत; रथाचा कळस आणि वरची तार यांतलं अंतर मोजायला तेवढे पुरतात.

आपल्या अमळनेरची संत सखाराम महाराजांची यात्रा वैशाखात बोरी नदीच्या पात्रात भरते. एकादशीला रथ, पौर्णिमेला पालखी. पारा चाळिशीच्या पार, वारा सुटलेला, पात्र कोरडं. त्यात पाळणे, खेळण्यांची दुकानं, भजी-जिलबीच्या कढया, एकमेकांना चिकटलेली पालं. प्रत्येक पालात एक सिलिंडर, काहींत दोन. सोसाट्याच्या वाऱ्यात एक पाल पेटलं तर पाचवं पेटायला किती वेळ लागेल, याचा हिशेब शेतात पऱ्हाटी जाळलेल्या कुठल्याही माणसाला विचारा. दर दहा पालांनंतर एक मोकळी पट्टी सोडायला कायदा लागत नाही. जागेचं भाडं थोडं कमी मिळेल, एवढंच. तसंच भंडाऱ्याचं. वरण-बट्टीच्या पंगतीत बट्टी तळायची कढई मांडवाच्या कापडाखाली का लागते? ‘आचाऱ्याला ऊन लागतं’ म्हणून. मग आचाऱ्याला पत्र्याचं शेड द्या. तापलेलं तेल पेटलं की पहिला धावून येणारा कार्यकर्ता हातात पाण्याची बादलीच घेऊन येतो, आणि पेटलेल्या तेलावर पाणी पडलं की भडका छतापर्यंत जातो. कढईवर बसेल असं एक झाकण शेजारी ठेवणं, हा या प्रकरणातला सगळ्यात स्वस्त अग्निशामक आहे.

पैशाचा प्रश्न निघतोच. ‘लहान मंडळांना कसं परवडणार?’ वाळूच्या बादल्या, पाण्याचे ड्रम, सोडलेली कनात, हटवलेल्या मोटारसायकली, कढईचं झाकण, वायरीला प्लग. याची बेरीज डीजेच्या एका रात्रीच्या भाड्याएवढीही होत नाही. परवडत नाही हे कारण जिथे डीजे परवडतो तिथे चालत नाही.

आपल्याला मोठे कार्यक्रम जमत नाहीत, असंही नाही. १९५२ मध्ये आणि पुन्हा २०२४ च्या फेब्रुवारीत अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन या गावाने भरवलं; त्याच दिवसांत विद्रोही संमेलनही इथेच झालं. मंगळ ग्रह मंदिरात दर मंगळवारी हजारोंची रांग लागते. एवढं ज्याला पेलतं, त्या गावाने ‘आम्हाला नियम झेपत नाहीत’ म्हणू नये. पुस्तकांच्या मांडवाचंही सांगून टाकतो: कोलकात्याच्या पुस्तक मेळ्याला १९९७ च्या फेब्रुवारीत आग लागली, लाखभर पुस्तकं जळाली. मेळा दोन-चार दिवसांत पुन्हा उभा राहिला. नियम कडक झाले म्हणून बंगाल्यांचा मेळा मेला नाही. तो आजही भरतो आणि पूर्वीपेक्षा मोठा भरतो. परवानग्यांनी उत्सव मरतात म्हणणाऱ्यांनी एखादा तरी मेलेला उत्सव दाखवावा. आगीने मेलेले मी वर दाखवले आहेत.

नगरपरिषदेने अर्जासोबत आधार कार्डाऐवजी मांडवाचा हाताने काढलेला का होईना पण नकाशा मागावा: वाटा कुठे, कढई कुठे, जनरेटर कुठे, वरून तार जाते का. ना हरकत दोन टप्प्यांत द्यावी. पहिली जागेची, दुसरी मांडव उभा झाल्यावर, प्रत्यक्ष येऊन. आणि मंडळांनी पुढच्या अर्जात स्वतःहून एक ओळ लिहावी: ‘मांडव अमुक तारखेला दुपारपर्यंत उभा होईल, त्यानंतर कृपया पाहणी करावी.’ या ओळीवर मंडळाचा शिक्का मारून पोच घ्यावी. अधिकारी आला नाही तर त्या पोचेची प्रत प्रांताधिकाऱ्यांकडे द्यावी आणि मांडवात लावावी, देणगीदारांच्या फलकाशेजारी, सगळ्यांना वाचता येईल अशी.